एका कॉम्प्युटरात दोन बिऱ्हाडं

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर एकच टेबल आहे. टेबलाच्या एका अंगाला खिडकी, दुसऱ्या अंगाला कपड्यांचं कपाट, आणि मधोमध, सगळा उजेड अंगावर घेऊन, एक जुना लॅपटॉप. त्याच्या बिजागरीला चिकटपट्टी लावलेली आहे. डावीकडच्या खुर्चीत मामा, हाताची घडी घालून, रुसलेल्या राजासारखे. उजवीकडच्या खुर्चीत मामी. गळ्यात हेडफोन, मांडीवर चष्म्याचं रिकामं घर. चष्मा कुठे गेला ते तिला ठाऊक नाही आणि तो तिच्या डोक्यावर आहे. दोघांच्या मधे स्टुलावर भाचा. त्याचं स्वतःचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, बायको आहे, टक्कलही पडू लागलं आहे. पण या घरात पाऊल टाकलं की तो पुन्हा शाळेत जायला लागतो.

पहिलं वाक्य मामीचं.

"वाटणी करायची तर नीट कर. मला निम्मं पाहिजे."

"निम्मं?" मामा उसळले. "टायपिंगला निम्मं? तुझे ते कागद काडेपेटीत मावतील."

"कागद नव्हेत ते. रिपोर्ट आहेत. कुणाच्या पोटात काय निघालं ते लिहिलेलं असतं त्यात."

"आणि माझ्याकडे गडगडाट आहेत. गडगडाटाला जागा लागते."

"तुमच्या गडगडाटाला घरात कधी जागा कमी पडली नाही," मामी म्हणाली. भाच्याने मान खाली घातली आणि हसू स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीआड लपवलं.

नात्याने ती या एकट्याचीच मामी. पण समोरचा शिंपी, वरच्या मजल्यावरची नर्स, कोपऱ्यावरचा दूधवाला, सगळे तिला मामीच म्हणतात. उभी नोकरी तिने एका कचेरीत टायपिस्ट म्हणून काढली. साहेब बदलले, पंखे बदलले, टाईपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले. मामीची खुर्ची हलली नाही. निवृत्त झाल्यावर ती घरबसल्या एका हॉस्पिटलचं काम करू लागली. डॉक्टर बोलून ठेवतात आणि मामी कानाला हेडफोन लावून ते उतरवून घेते. डॉक्टर पुटपुटतात, खोकतात, मधेच कुणाला तरी चहा सांगतात. मामी पुटपुटणं लिहिते, खोकला गाळते आणि चहाच्या वेळी म्हणते, "मेल्या, आधी ते यकृत तरी पुरं कर."

शास्त्राने नऊ रस सांगितले. वैताग हा दहावा राहून गेला, कारण शास्त्र लिहिणाऱ्यांची मामीशी गाठ पडली नव्हती. तिच्या वैतागाला मात्र काटे नव्हते. मामी आपल्यावर वैतागली म्हणजे आपल्याकडे तिचं लक्ष आहे, असं सगळी गल्ली धरून चालायची. ज्याच्यावर ती वैतागायची थांबे तो बिचारा काळजीत पडे.

मामांच्या वाट्याला अशी काळजी कधी आली नव्हती.

मामा नाटक कंपनीत आवाज द्यायचे. नटाचा आवाज नव्हे. दाराचा, पावसाचा, लांब जाणाऱ्या घोड्याचा, पाळण्यात नसलेल्या बाळाच्या रडण्याचा. तरुणपणी ते पत्रा हलवून ढग आणायचे, मग टेपवर आले, मग या लॅपटॉपवर. त्यात एक प्रोग्रॅम होता. कंपनीच्या प्रत्येक नाटकाचे आवाज त्यात ओळीने लावलेले, कुठला किती चढवायचा आणि कुठे विरवायचा यासकट. तो प्रोग्रॅम बनवणाऱ्याने कधीच दुकान गुंडाळलं होतं. तो फक्त जुन्या सिस्टीमवर आणि फक्त याच लॅपटॉपवर चालायचा. दुसरीकडे नेला की उघडायलाच नकार देई. आता हॉस्पिटलने मामीला कळवलं होतं की यापुढे नवी सिस्टीम असेल त्यालाच काम मिळेल. नवी सिस्टीम घातली की जुनी जाणार, आणि जुनी गेली की मामांची सगळी दारं, ढग आणि घोडे मुके होणार.

एरवी मामांनी कुरकुर करून सोडून दिलं असतं. पण नेमकं याच वेळी कंपनीने जुनं नाटक पुन्हा उभं करायला घेतलं होतं. दिग्दर्शिका नवी, तरुण, बोलायला गोड. तिचा स्वतःचा आवाजवाला होता, सगळे आवाज खिशातल्या फोनमध्ये घेऊन फिरणारा. तरी तिने मामांना निरोप पाठवला: "काका, एक तालीम करून बघू. जमलं तर तुम्हीच. नाही जमलं तर शुभारंभाला पहिल्या रांगेत तुमची सन्मानाची खुर्ची."

तो निरोप वाचून मामांनी ताट पुढे सरकवलं. मामीने विचारलं, "सन्मानच करताहेत ना? तोंड का पाडलंत?"

"अगं, मी नाटक समोरून कधी बघितलेलंच नाही," मामा म्हणाले. "समोरून मला काही कळत नाही."

मामीने ताट परत त्यांच्यापुढे ओढलं. दुसऱ्या दिवशी तिने भाच्याला फोन केला आणि नेहमीच्या सुरात सांगितलं, "तुझ्या मामांचं पण राहील आणि माझं पण होईल असं काहीतरी कर. कसं ते मला विचारू नकोस. मला माहीत असतं तर तुला कशाला बोलावलं असतं?"

म्हणून ही वाटणी. भाच्याने आधी सगळं एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं. मग स्क्रीनवर एक लांबलचक निळी पट्टी आणली.

"ही बघा तुमची डिस्क. आत्ता ही एकच सलग खोली आहे. मधे भिंत घालायची. या बाजूला मामांची जुनी सिस्टीम, त्या बाजूला मामीची नवी. चालू करताना मशीन विचारणार, कुणाकडे जायचंय? ज्याचं नाव सांगाल त्याचं दार उघडणार. दुसऱ्याला पत्ताही लागणार नाही."

"असं माणसांचं करता आलं असतं तर," मामी म्हणाली.

भिंत सरकवायला घेतली तर सरकेना. मामांची बाजू अर्ध्याहून अधिक रिकामी दिसत होती, पण मशीन मामीला जेमतेम कोपराभर जागा द्यायला तयार होतं.

"काय झालं?"

"मधोमध काहीतरी बसलंय. सिस्टीमची स्वतःची फाईल आहे, ती जागची हलत नाही. त्यामुळे तिच्या पलीकडची जागा रिकामी असून सोडवत नाही."

"म्हणजे आता घरात दोघं झाले," मामी म्हणाली.

भाचा त्या हटून बसलेल्या फाईलच्या मागे लागला. हे बंद कर, ते बंद कर, मशीन परत चालू कर, परत बघ. तेवढ्यात मामीने नवऱ्याच्या सामानाची झडती घेतली.

"अहो, एवढी दारं? दार म्हणजे दार. एक ठेवा, बाकीची काढा. जागा होईल."

मामांनी दुखावल्या चेहऱ्याने एक दार लावून दाखवलं. धप्प. "हा कायमचा निघून गेला." दुसरं लावलं. धप्प. "हा नाक्यावर पान खायला गेला. कळला फरक?"

"नाही."

"म्हणून तू टाईप करतेस."

"आणि तुम्ही बाहेर जाताना उघडंच टाकता ते यातलं कुठलं?"

भाचा कळवळून म्हणाला, "मामा, मामी, मशीन चालू व्हायला लागलं की दोन मिनिटं गप्प बसाल का? मला भीती वाटते, तेच ऐकून बंद पडेल."

शेवटी ती फाईल हलली, भिंत सरकली, नवी सिस्टीम तिच्या खोलीत राहायला आली. भाच्याने कपाळावरचा घाम पुसला. आता फक्त सराव. लॅपटॉप चालू केला की काळ्या स्क्रीनवर दोन ओळी येत. वर नवी, खाली जुनी. आणि त्याखाली उलटा आकडा: दहा, नऊ, आठ. तेवढ्यात काही दाबलं नाही तर शून्यावर आपोआप नवी उघडे. जुनी पाहिजे असेल तर आकडा संपायच्या आत खालच्या बाणाचं बटण दाबायचं. आकडा थांबतो, मग सावकाश पुढे जायचं. सोपं काम.

मामा सरसावून बसले. बोट बाणावर. दहा, नऊ, आठ. मामांचं बोट नागाच्या फण्यासारखं उभं. तीन, दोन, एक, शून्य. मामांनी बोट दाबलं.

मामीची नवी सिस्टीम उघडली.

"मामा, उशीर झाला. आधी दाबा."

"हो, हो. कळलं."

परत चालू. दहा, नऊ, आठ. भाचा म्हणतोय, "दाबा, दाबा ना." मामांचं बोट जागचं हलत नाही. शून्य. टक्. मामीची सिस्टीम.

"अहो, वाट कसली बघताय?" मामी ओरडली.

"शून्याची," मामा म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं. "कळतंय गं मला. बोटाला कळत नाही."

कंपनीची एक जुनी रीत होती, मामांनी घरी शंभरदा सांगितलेली. प्रयोग चालू असताना विंगेत बोलायची सोय नव्हती, म्हणून समोरच्या विंगेतला व्यवस्थापक हात वर धरून बोटांवर उलटे आकडे मोजायचा आणि शेवटी मूठ मिटायचा. मुठीवर आवाज. मुठीच्या आधी नाही, नंतर नाही. मामांच्या आधी जो आवाजवाला होता त्याने एकदा घाई केली. खलनायकाचा हात खिशातच, आणि धडाम! नायकाला खिशातल्या पिस्तुलाने मरावं लागलं. प्रेक्षक इतके हसले की मेलेला नायकही हसायला लागला. दुसऱ्या दिवशी मामांना त्या खुर्चीत बसवलं आणि व्यवस्थापकाने बजावलं, मूठ बघितल्याशिवाय बोट हललं तर खुर्ची गेली. मामांच्या बोटाने ते जे ऐकलं ते ऐकलंच. उलटा आकडा दिसला की ते बोट शून्यापर्यंत दगड होई.

भाच्याने आकडा दहाचा तीस केला. मामा तीसच्या तीस थांबले आणि शून्यावर दाबलं.

मग भाच्याने डाव उलटवला. जुनी सिस्टीम वर घेतली, म्हणजे शून्यावर आपोआप मामांचंच दार उघडेल. मामा खूष. पण नवी सिस्टीम अशी की तिला रोज काही ना काही स्वतःवर चढवून घ्यायची हौस. त्यासाठी ती आपणहून बंद होई, आपणहून परत चालू होई. चालू होताना शून्यावर मामांचं दार उघडलं, की तिचं काम अर्धवट. अर्धवट राहिली की हॉस्पिटलचा प्रोग्रॅम दारात उभं करीना. मामी गॅसवरचं दूध बघून आली तर समोर डॉक्टरांच्या जागी घोडे. एकदा, दोनदा, रोज. "पित्ताशयाच्या खड्यांच्या जागी घोड्यांच्या टापा!" मामीने फोनवर भाच्याला सुनावलं. "पूर्वीसारखं कर. आत्ता ये."

पूर्वीसारखं झालं. नवी वर, जुनी खाली, दहापासून उलटा आकडा. मामा घरी एकटे बसून सराव करत. प्रत्येक वेळी मामीच्या खोलीतून बाहेर येऊन, मशीन बंद करून, परत. मामी स्वयंपाकघरातून ऐके. टक्. मग मामांचा उसासा. टक्. उसासा. तिला वाटे, जाऊन त्या बोटाला एक फटका द्यावा.

तालमीचा दिवस आला तेव्हा मामीने बंदोबस्त केला. घरूनच लॅपटॉप चालू केला, स्वतः बाणाचं बटण दाबलं, मामांचं दार उघडून घेतलं आणि लॅपटॉप बंद न करता तसाच झोपवून पिशवीत ठेवला.

"आता तिथे फक्त झाकण उघडायचं. आकडा येणारच नाही. आणि मी बरोबर येतेय."

"तू कशाला?"

"तुमची पिशवी तुम्ही रिक्षात विसरता म्हणून."

नाट्यगृहाच्या मागच्या दाराने ते आत शिरले. रंगमंच उघडा, नेपथ्य अर्धवट, एक खिडकी भिंतीची वाट बघत टेकून ठेवलेली. विंगेत मामांचा कोपरा अजून होता: एक मेज, एक खुर्ची, वर छोटा दिवा. मामा खुर्चीत बसले आणि त्यांची पाठ अशी ताठ झाली की मामी बघतच राहिली. हा माणूस घरी खुर्चीत असा कधीच बसत नाही, एवढं तिच्या लक्षात आलं. ती शेजारच्या खोक्यावर टेकली. खोक्याचा खिळा तिला टोचला. "बसायला काही धड ठेवायची यांची पद्धतच नाही," ती पुटपुटली.

खाली प्रेक्षागृहात दिग्दर्शिका. तिच्या मागे तो फोनवाला. रंगमंचावर नाटकातली आई, खुर्चीच्या पाठीला धरून उभी. प्रवेश असा, की मुलगा घर सोडून गेला आहे. दाराचा आवाज होतो, आई वळत नाही, आणि मग ढग.

मामांनी झाकण उघडलं. स्क्रीन काळी. बटण दाबलं. काळीच. बॅटरी म्हातारी, वाटेतच तिने मान टाकली होती. मामीने कपाळावर हात मारला. मामांनी वायर लावली, बटण दाबलं आणि दोघांनाही एकदमच उमगलं की आता आकडा येणार.

"अहो, या वेळी तरी..."

दहा, नऊ, आठ. बोट उभं. शून्य. टक्.

मामीची नवी सिस्टीम उघडली, आणि उघडून वर म्हणाली: बदल बसवले जात आहेत, कृपया मशीन बंद करू नका. मधोमध एक चक्र गोल गोल फिरू लागलं.

"काका, झालं का?" खालून आवाज आला.

"होतंय," मामा म्हणाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"बंद करून टाका!" मामी कुजबुजली.

"बंद करू नका म्हणतंय ते."

"जन्मात कधी कुणाचं ऐकलं नाहीत, आज याचं ऐका!"

चक्र फिरत राहिलं. रंगमंचावरची आई आधी खुर्चीला धरून उभी होती, मग खुर्चीत बसली, मग तिने पर्समधून फणी काढली. दिग्दर्शिका वर आली. अगदी मऊपणे म्हणाली, "काका, काही हरकत नाही. आजच्यापुरतं फोनवरून करून बघू. तुम्ही खाली येऊन बसा ना, समोर."

समोर. मामीने नवऱ्याकडे बघितलं. मामा उठत नव्हते आणि बसतही नव्हते.

"दोन मिनिटं थांबा की," मामी फटकन म्हणाली. "खरे ढग तरी कधी वेळेवर येतात? तोवर लावा तुमच्या फोनवर, आम्ही ऐकतो."

फोनवाल्याने वायर जोडली. आई परत उभी राहिली, चेहरा दाटला, आणि दार हवं तिथे फोनमधून एक बाई आनंदाने ओरडली की अंगाच्या साबणावर आज मोठी सूट आहे. मग दार वाजलं. मग, कुणी मागितला नसताना, एक कुत्रा भुंकला. आई वळायची नव्हती ती वळली, कुत्रा कुठला ते बघायला.

तेवढ्यात लॅपटॉपने अंग झाडलं, बंद झाला आणि आपला आपण चालू झाला. काळी स्क्रीन. दोन ओळी. दहा.

मामांनी बोट बाणावर असं धरलं की दुसऱ्याच्या बोटाला तिथे जागा नव्हती. नऊ. मामी खोक्यावरून उठली. ओरडून उपयोग नाही हे तिला घरी कळलं होतं; हे बोट कानाने ऐकणारं नव्हतंच. आठ. ती मेजाला वळसा घालून मामांच्या समोर आली, स्क्रीनच्या अगदी वर, जिथे समोरची विंग असायची तिथे तिने हात उभा धरला. पाची बोटं पसरलेली. मामांची नजर आकड्यावरून उचलली गेली आणि त्या हातावर बसली. मामीने मूठ मिटली.

टक्.

आकडा सहावर थांबला.

मामांनी जुन्या ओळीवर जाऊन आपलं दार उघडलं. वरच्या दिव्याखाली त्यांचा चेहरा कसा झाला ते मामीने बघितलं नाही. ती आपला चष्मा शोधत होती.

"चला," दिग्दर्शिका खालून म्हणाली, जरा कंटाळून. "दारापासून."

आई खुर्चीला धरून उभी राहिली. मामीला राहवलं नाही; आता गरज नव्हती तरी तिने परत मूठ मिटली. धप्प. दार लागलं. फार मोठ्याने नाही. जाणाऱ्याने लावताना मधेच हात सैल सोडला असावा, असं. आई वळली नाही. तिचे खांदे मात्र एवढे खाली आले की विंगेतून दिसले. मग फार लांबून, कुणाच्या तरी दुसऱ्याच गावावरून, ढग आला.

फोनवाल्याने आपली वायर गुंडाळायला घेतली.

"पुढचा प्रवेश," दिग्दर्शिका म्हणाली. वहीवर काहीतरी खरडत तिने मान वर न करता विचारलं, "काका, पावसाला किती वेळ लागेल?"

"मागाल तेव्हा देतो," मामा म्हणाले, आणि मामीच्या हाताकडे बघितलं.

तालीम संपल्यावर पिशवी भरताना दिग्दर्शिका जवळ आली. "काकू, उद्याही याल ना? तुम्ही असलात की काकांचं बरोबर पडतंय."

"खोक्याला खिळा आहे," मामी म्हणाली. "तो आधी ठोकून घ्या. आणि इथे वारा फार येतो. आणि तुमच्या त्या आईला सांगा, उभी राहताना खुर्ची एवढी घट्ट धरू नकोस, खुर्ची पळून जात नाहीये." घरी येईपर्यंत रिक्षात ती खिळ्याबद्दल, वाऱ्याबद्दल आणि साबणवाल्या बाईबद्दल बोलत होती. मामा हूं हूं करत होते. पिशवी मामांच्या मांडीवर होती, आणि ती या वेळी विसरली गेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी हेडफोन लावून कामाला बसली. शून्यावर तिचं दार आपोआप उघडलं होतं, डॉक्टर एका मूत्रपिंडाविषयी पुटपुटत होते. तेवढ्यात भाच्याचा फोन. आवाजात मोठा शोध लावल्याचा आनंद.

"मामी, अगं माझं डोकंच चाललं नाही बघ! तो उलटा आकडा अजिबात काढून टाकता येतो. नुसत्या दोन ओळी उभ्या राहतील, कुणी घाई करणार नाही. मामा एकटे बसून सवडीने दाबतील. तुला उगाच तालमीला जाऊन ताटकळायला नको. आज दुपारीच येतो, पाच मिनिटांचं काम आहे."

मामीने डॉक्टरांना थांबवलं. हेडफोन गळ्यात उतरवला. आतल्या खोलीत मामा कसलं तरी दार पुन्हा पुन्हा लावून बघत होते. ती जराशी ऐकत राहिली, आणि फोन तोंडाजवळ आणून म्हणाली:

"त्या आकड्याला हात तर लावून बघ, तुझ्या मामांना रोज सकाळी तुझ्या दुकानात आणून बसवीन."